बाळोत्यांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे २००५ मध्ये ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. विषय होता तान्ह्या बाळाचं बाळोतं. धुऊन पुन्हा वापरायचं कापडी बाळोतं बरं, की वापरून फेकून द्यायचा डायपर बरा, हे अहवालकर्त्यांना ठरवायचं होतं. कापसाच्या शेतापासून आणि कागदाच्या लगद्यापासून थेट कचरा डेपोपर्यंतचा हिशेब त्यांनी मांडला. वीज, पाणी, साबण, वाहतूक, काहीही सोडलं नाही. एवढं सगळं करून निष्कर्ष निघाला तो असा, की पर्यावरणाच्या दृष्टीनं दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही.

आपल्याकडच्या एखाद्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, ''एवढ्यासाठी सरकारचा पैसा खर्च केलात? मला विचारायचं होतं.'' तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण मी इतिहास शिकवतो आणि घरातल्या साध्या वस्तूंचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय आहे. म्हणून मला हा अहवाल फार मोलाचा वाटतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत कंपन्यांनी, सरकारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी वेगवेगळ्या कारणांनी लोकांच्या घरात डोकावून पाहिलं आणि विचारलं, 'तुम्ही बाळाला काय बांधता? का बांधता? कसं धुता?' या प्रश्नांची उत्तरं एकापुढे एक ठेवली तर एक गोष्ट ध्यानात येते. भांडण कापड आणि कागदाचं दिसतं. पण खरा प्रश्न धुणाऱ्या हातांचा आहे.

पिन, पडदा आणि पॅराशूट

सुरुवात अर्थात कापडापासून. जगात सगळीकडे बाळाला जुनं, मऊ कापडच गुंडाळत असत. युरोप-अमेरिकेत ते चौकोनी कापड घडी घालून पिनेनं अडकवायची पद्धत पडली. आपण जिला सेफ्टी पिन म्हणतो, तिचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतलं आणि चारशे डॉलरांना विकून टाकलं. पुढं शंभर वर्षं ही पिन बाळोत्याची सोबतीण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दोन आयांनी या बाळोत्यात लक्ष घातलं. एक अमेरिकेत, दुसरी इंग्लंडमध्ये. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ मध्ये घरातला न्हाणीघराचा पडदा कापून शिवणयंत्रावर बाळोत्यावरचं एक आवरण शिवलं. त्यामुळे बिछाना ओला होईना. पुढं त्यांनी पॅराशूटचं नायलॉन वापरलं, पिनेच्या जागी दाबायची बटणं लावली आणि १९५१ मध्ये पेटंट मिळवलं. त्याआधी कारखानदारांकडे हेलपाटे घालताना 'याची काही गरज नाही' असंच त्यांना ऐकायला मिळालं होतं. निर्णय घेणारे सगळे पुरुष होते आणि बाळोती धुण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा.

इंग्लंडमधल्या व्हॅलरी हंटर गॉर्डन यांना १९४७ मध्ये तिसरं मूल झालं. धुण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनीही पॅराशूटच्या नायलॉनची बाहेरची चड्डी शिवली आणि आत कापूस व टिश्यू कागदाची फेकून द्यायची घडी बसवली. मैत्रिणींनी मागितली म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी अशा शेकडो चड्ड्या शिवून दिल्या. पुढं 'पॅडी' या नावानं ही वस्तू १९५० च्या सुमारास बूट्सच्या दुकानांत विकायला आली. गंमत पाहा, फेकायच्या बाळोत्याच्या या आरंभीच्या रूपात अर्धा भाग धुऊन वापरायचाच होता. बाईला धुण्यातून थोडी सवड हवी होती; सगळंच फेकून द्यावं असा तिचा आग्रह नव्हता.

पिओरियातल्या आया

यानंतर मोठ्या कंपन्या उतरल्या. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले अभियंते व्हिक्टर मिल्स यांना नातवंडांची बाळोती बदलण्याचा वैताग आला आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना या कामाला लावलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मला त्यापुढची हकिकत जास्त महत्त्वाची वाटते. कंपनीनं माल थेट बाजारात ओतला नाही. आधी तो आयांच्या हातात देऊन पाहिला. डलासच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या चड्डीसह केलेला पहिला प्रयोग फसला, कारण उकाड्यानं मुलं हैराण झाली. मग रचना बदलली. डिसेंबर १९६१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या गावात 'पॅम्पर्स' विक्रीला ठेवले. आयांना वस्तू आवडली, पण एका नगाला दहा सेंट ही किंमत त्यांना परवडेना. विक्री झाली नाही.

बाळोत्याबद्दल कुटुंबांना काय वाटतं, याचा पद्धतशीर अभ्यास आधी असा विक्रीच्या गरजेतून झाला. आयांचं म्हणणं सरळ होतं: सोय हवी आहे, पण तिला किंमत असते आणि ती आम्ही मोजतो. कंपनीनं यंत्रं सुधारून, उत्पादन वाढवून किंमत निम्म्याच्या जवळपास आणली, तेव्हा कुठं माल खपू लागला. घरी धुतलेलं बाळोतं त्याहूनही स्वस्तच पडत होतं. पण त्या हिशेबात आईच्या श्रमाची मजुरी शून्य धरलेली होती. फेकायच्या डायपरनं त्या शून्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं, असं म्हणायला हरकत नाही.

१९८० च्या दशकात डायपरमध्ये पाणी शोषून जेलसारखं धरून ठेवणारी रसायनं आली. डायपर पातळ झाला, रात्रभर टिकू लागला आणि श्रीमंत देशांत कापड जवळजवळ मागं पडलं.

कचऱ्याचा पडाव आणि अहवालांची लढाई

मग १९८७ साल उजाडलं. न्यूयॉर्कजवळच्या आयस्लिपमधला तीन हजार टनांहून अधिक कचरा घेऊन 'मोब्रो ४०००' नावाचा पडाव निघाला. एकही राज्य तो कचरा उतरवून घेईना. मेक्सिको आणि बेलीझपर्यंत भटकून तो परत न्यूयॉर्कला आला आणि अखेर तो कचरा ब्रुकलिनमध्ये जाळावा लागला. रोज दूरचित्रवाणीवर हा पडाव पाहून अमेरिकन माणूस हादरला. 'कचऱ्याला जागा उरली नाही' असा गलका झाला आणि बोट दाखवायला सोपी वस्तू सापडली ती म्हणजे डायपर.

अॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रथजी १९७३ पासून एक विलक्षण काम करत होते. प्राचीन वस्त्यांचे ढिगारे उकरतात तसे ते आजच्या शहरांचे कचऱ्याचे ढीग उकरत. लोकांना विचारलं तर कचरा डेपोत डायपर पाव हिश्श्यापेक्षाही जास्त असतील असं ते ठामपणे सांगत. प्रत्यक्ष उकरून मोजलं तेव्हा वजनानं ते साधारण एक टक्का आणि आकारमानानं दीड टक्क्याच्या आत भरले. रथजींच्या कामातून आणखी एक धडा मिळाला. माणसं घरातल्या सवयींबद्दल जे सांगतात आणि त्यांच्या कचरापेटीत जे सापडतं, त्यांचा मेळ बसतोच असं नाही. बिअर पिण्याचा आकडा लोक कमी सांगत, रिकामे डबे मात्र खरं बोलत. घरोघरी प्रश्नपत्रिका घेऊन जाणाऱ्या प्रत्येक अभ्यासकानं हे लक्षात ठेवावं.

पुढं अहवालांची लढाई झाली. १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं एका सल्लागार संस्थेकडून करून घेतलेल्या अभ्यासात निघालं, की कापडी बाळोती धुण्यात जास्त पाणी आणि जास्त ऊर्जा जाते. बाळोती धुऊन देणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेनं करून घेतलेल्या १९९१ च्या अभ्यासाचा कल बरोबर उलटा होता. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या एका पर्यावरणवादी संघटनेनं कंपनीचेच आकडे पुन्हा तपासून घेतले, तर तेही कापडाच्या बाजूनं गेले. ज्याचा पैसा, त्याचा निष्कर्ष, असं म्हणून वाचक मोकळे झाले.

पण आकडे सगळेच खोटे नव्हते. गृहीतकं वेगळी होती. एका घरात किती बाळोती असतात? दिवसात किती बदलतात? पाणी किती तापवतात? वाळवतात कुठं? एकेका उत्तरानं निकाल फिरत होता.

यंत्र आणि दोरी

म्हणूनच ब्रिटनच्या संस्थेनं २००५ चा अभ्यास करताना घराघरांतल्या सवयींची पाहणी केली. टीका तिच्यावरही झाली. कापड वापरणारी फारच थोडी घरं विचारात घेतली, बाळोत्यांना इस्त्री करणाऱ्या घरांचाही भार हिशेबात धरला, असे आक्षेप आले. त्यामुळे २००८ मध्ये सुधारित अहवाल निघाला आणि त्यात खरं मर्म बाहेर आलं.

मूल अडीच वर्षं बाळोत्यात असतं असं धरलं, तर फेकायच्या डायपरांपायी सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. सरासरी घरात धुतलेल्या कापडी बाळोत्यांपायी सुमारे ५७०. म्हणजे बरोबरीच. पण सरासरीच्या आत पाहा. यंत्र पूर्ण भरून लावलं, बाळोती कायम बाहेर दोरीवर वाळवली आणि तीच दुसऱ्या मुलाला वापरली, तर कापडाचा भार ४० टक्क्यांनी, म्हणजे २०० किलोंच्या वर कमी होतो. उलट प्रत्येक वेळी विजेच्या यंत्रात वाळवली तर तो ४३ टक्क्यांनी वाढतो. पाणी ६० ऐवजी ९० अंशांवर तापवलं तर ३१ टक्क्यांनी. डायपरचा बहुतेक भार कारखान्यात ठरून येतो. तो घेतला की आपल्या हातात फारसं काही उरत नाही. कापडाचा भार मात्र रोज आपल्या मोरीत आणि आपल्या दोरीवर ठरतो.

२०२३ मध्ये ब्रिटिश सरकारनं हा हिशेब पुन्हा प्रसिद्ध केला. दरम्यान तिथली वीज काहीशी स्वच्छ झाली होती. या वेळी डायपरसाठी सुमारे ४५७ किलो आणि कापडासाठी सुमारे ३४५ किलो असा आकडा आला. कापड २५ टक्क्यांनी सरस ठरलं. अठरा वर्षांपूर्वीची बरोबरी मोडली.

एवढं कळूनही तिथली बहुसंख्य घरं कापडाकडे वळली नाहीत. का? अशा पाहण्यांत पुन्हा पुन्हा भेटणारी कारणं कुठल्याही आईला पाठ असतील. सुरुवातीला एकरकमी पैसे घालावे लागतात. लहान घरात वाळत घालायला जागा नसते. पाळणाघर घ्यायला कुरकुरतं. रात्री गळण्याची धास्ती असते. आणि सगळ्यांत मोठं कारण, धुणं. अनेक जण मोठ्या निश्चयानं कापड सुरू करतात आणि काही महिन्यांनी गुपचूप सोडून देतात. किंवा दिवसा कापड, रात्री आणि प्रवासात डायपर अशी तडजोड करतात. तिथल्या काही स्थानिक संस्था कापड घेणाऱ्यांना पैशांची सवलत देतात. तिनं पहिली अडचण सुटते. धुण्याची सुटत नाही.

आपली मोरी, आपली दोरी

आता आपल्याकडे पाहू. आजोबांचं विरलेलं धोतर, आजीचं जुनेर, यांचीच आपल्याकडे बाळोती होत. नवं कापड बाळाला टोचतं आणि जुन्यात घरातल्या वडीलधाऱ्यांची माया असते, असा दुहेरी समज. बाळोती, दुपटी, झबली, टोपडी यांनी भरलेला बाळंतविडा हा शिवणकलेचा नमुनाच असे. शिवाय आपल्या आज्या बाळाला ठरावीक वेळी पायांवर बसवून शी-शू करवत. मूल वर्ष-दीड वर्षाचं होता होता बाळोत्याची गरज बरीच कमी होई. ब्रिटिश अहवालातली अडीच वर्षं या आज्यांना फारच वाटली असती.

पावसाळ्यात मात्र हाल होत. आमच्या वाड्यात शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर बाळोती वाळवत असत, ते मला आठवतं. वाळवण्याच्या यंत्राचं ते आपलं रूप. कोळशाचा धूर कुणी मोजला नव्हता. पहाटे उठून हौदावर बाळोती पिळणाऱ्या मावशींचे पांढरे पडलेले तळवेही कुणी मोजले नव्हते.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की जुन्या काळी बाळंतपणातले मळके कपडे धुण्याचं काम अनेक ठिकाणी घरच्या बायका करतच नसत. ते सुईणीकडे किंवा खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांकडे सोपवलेलं असे. मोबदला म्हणजे थोडं धान्य, एखादं जुनं लुगडं. 'आपली परंपरा किती पर्यावरणपूरक' असं म्हणताना ही बाई आपल्या डोळ्यांसमोर आली पाहिजे. परंपरेतली स्वच्छता पुष्कळदा तिच्या हातांनी येत होती.

१९९० च्या दशकात फेकायचे डायपर आपल्या शहरांत दिसू लागले. आधी श्रीमंतांच्या घरी, मग प्रवासापुरते मध्यमवर्गात, आणि पुढं खेड्यातल्या किराणा दुकानातही एक-दोन नगांच्या पुड्या टांगलेल्या दिसू लागल्या. त्या विकत घेणाऱ्या आईला नावं ठेवणं सोपं आहे. पण टँकरची वाट पाहणाऱ्या गावात, किंवा दीड खोलीच्या चाळीत, किंवा सकाळी सातला कामावर निघणाऱ्या बाईच्या घरात बादलीभर पाणी आणि तासभर वेळ यांची किंमत काय, हे त्या घरातच कळतं.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकामात हात घालणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि असा हात घालणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच होते, बायका एक्क्याऐंशी. एवढा विनामोबदला वेळ जिथं एकाच बाजूला पडतो, तिथं 'कापड वापरा' हा सल्ला नेमका कुणाला दिला जातो, हे वेगळं सांगायला नको.

मग डायपरनं हे काम संपवलं का? तेही नाही. ते फक्त दुसऱ्या हातांत गेलं. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि पुढं त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या या स्त्रियांना वापरलेले डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन हातांनी वेगळे करावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या नॅपकिनांची पाकिटं थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवून आपला संताप व्यक्त केला. त्यानंतर २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा वस्तूंबरोबर त्या गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आणि नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर टाकण्यात आली. कायदा आला, पण गुंडाळणं अखेर आपल्याच मोरीत व्हायचं होतं. किती घरांनी ते केलं, हे कचरा उचलणाऱ्या मावशींना विचारावं.

एक रकाना राहिला

तेव्हा हा इतिहास काय सांगतो? पडद्याचं कापड शिवणाऱ्या डोनोव्हनबाईंपासून २०२३ च्या अहवालापर्यंत बाळोत्याबद्दलची प्रत्येक चौकशी फिरून फिरून त्याच जागी येते: धुतं कोण? पर्यावरणाच्या अहवालांनी वीज मोजली, पाणी मोजलं, हवेवरचा भार किलोंत सांगितला. हे मोजमाप हवंच होतं. त्यामुळेच आपल्याला कळलं की दोरीवरचं ऊन विजेच्या यंत्रापेक्षा किती मोलाचं आहे. आणि ऊन ही आपल्याकडे वर्षातले आठ महिने फुकट मिळणारी गोष्ट आहे. कापडाच्या बाजूनं बोलायला आपल्याकडे ब्रिटिशांपेक्षा जास्त आधार आहे, असं मला वाटतं.

पण त्या तक्त्यांत एक रकाना राहून गेला. धुणाऱ्याचा किंवा उचलणाऱ्याचा वेळ किती गेला आणि त्याचे पैसे कुणी दिले, हा तो रकाना. तो भरला नाही तर कापडाचा विजय घरातल्या एका बाईच्या पाठीवर उभा राहतो आणि डायपरचा विजय रस्त्यावरच्या दुसऱ्या बाईच्या हातांवर. त्यावर उपाय शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात पाणी भरणारा, बाळोती दोरीवर टाकणारा बाप लागतो, आणि डायपर वापरलाच तर तो कागदात नीट गुंडाळून, वेगळा ठेवून कचऱ्यात देणारं घर लागतं.

आपण बारशाला हौसेनं बाळंतविडा नेतो. दुपटी-टोपड्यांचं कौतुक होतं, पेढे वाटले जातात. त्याच दिवशी, पाहुणे पांगायच्या आत, बाळोती धुण्याच्या पाळ्याही ठरवून टाकाव्यात आणि त्यात बाळाच्या बापाचं नाव पहिलं लिहावं.